शिक्षेचे दिवस कोण मोजतो? पांढुर्णा-सौंसरच्या निमित्ताने माफी, रजा आणि देखरेखीखालील सुटकेचा कायदा

पांढुर्णा हे नाव गोव्यातील वाचकांना बहुधा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे ठाऊक असते. सातपुड्याच्या पायथ्याचा हा संत्र्यांचा मुलूख मध्य प्रदेशात आहे, पण तेथील घराघरांत बोलली जाते ती मराठी. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. येथून एक वाट नागपूरला जाते, दुसरी सौंसरवरून छिंदवाड्याला. बाजार, दवाखाना, लग्नसंबंध बहुतेक नागपूरच्या वाटेने चालतात. सातबारा, शाळा आणि कचेरी मात्र छिंदवाडा-भोपाळच्या वाटेने.

माणसाच्या हातून गुन्हा घडला आणि शिक्षा झाली, म्हणजे या दोन वाटांमधले अंतर एकाएकी फार मोठे होते. त्याच गावचे दोघे, सारखाच गुन्हा, सारखीच जन्मठेप. एकाला शिक्षा सुनावली छिंदवाड्याच्या न्यायालयाने, दुसऱ्याला नागपूरच्या. पुढे या दोघांच्या सुटकेचा विचार करणारे सरकार वेगळे, नियम वेगळे आणि कागदांची भाषाही वेगळी. एकाच्या घरी येणाऱ्या हिंदी कागदावर 'परिहार' असे लिहिलेले असते, दुसऱ्याच्या मराठी कागदावर 'माफी'. पॅरोलला महाराष्ट्राच्या कारागृहांत 'अभिवचन रजा' म्हणतात आणि फर्लोला 'संचित रजा'. घरातील म्हातारी माणसे एवढेच विचारतात: आमचा मुलगा घरी कधी येणार? या साध्या प्रश्नाचे उत्तर कायदा कसे काढतो, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे. पेडणे, सत्तरी किंवा काणकोणसारख्या सीमेवरील तालुक्यांत राहणाऱ्या गोमंतकीयांनाही तो परका वाटू नये.

चार वेगळ्या गोष्टी

सर्वसामान्य बोलण्यात 'सूट मिळाली', 'पॅरोलवर सुटला', 'माफी झाली' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. कायद्याच्या दृष्टीने मात्र येथे चार निरनिराळ्या गोष्टी आहेत.

पहिली वजावट. निकाल लागण्यापूर्वी त्याच खटल्यात आरोपी जितके दिवस कोठडीत होता, तितके दिवस मुदतीच्या शिक्षेतून वजा होतात. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ४६८ मध्ये आहे. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. ते दिवस मोजले जाणे हा कैद्याचा हक्क आहे.

दुसरी गोष्ट चांगल्या वर्तनाने मिळवलेली माफी. १८९४ च्या तुरुंग कायद्याने 'माफी-पद्धती'ची व्याख्याच अशी केली होती की, कैद्यांना गुण देणारे आणि त्या गुणांच्या प्रमाणात शिक्षा कमी करणारे नियम म्हणजे माफी-पद्धती. 'गुण' हा शब्द शाळेतला वाटतो, पण त्याचा उगम कारागृहातलाच आहे. १८४० मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावरील बंदीवसाहतीचा प्रमुख म्हणून गेलेल्या अलेक्झांडर मॅकोनोकी या अधिकाऱ्याने कैद्यांना काम आणि वर्तन यांसाठी गुण देण्याची पद्धत तेथे सुरू केली. दिवसांनी मोजली जाणारी शिक्षा कैद्याच्या स्वतःच्या श्रमाने मोजली जावी, अशी त्याची कल्पना होती. पुढे आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टन यांनी तिला परवान्यावरील सुटकेची जोड दिली आणि ब्रिटिश साम्राज्याच्या कायद्यांतून ही कल्पना आपल्याकडे पोहोचली.

तिसरी गोष्ट रजा. आजारपण, मृत्यू, लग्न, घराची दुरुस्ती अशा कारणांसाठी, अथवा केवळ कुटुंबाशी नाते टिकावे म्हणून, कैदी ठरावीक दिवस घरी जातो आणि परत येतो. मध्य प्रदेशात यासाठी १९८९ चे बंदी रजा नियम आहेत. महाराष्ट्रात १९५९ चे फर्लो व पॅरोलचे नियम चालत आले आहेत.

चौथी गोष्ट मुदतपूर्व सुटका. उरलेली शिक्षा सरकार माफ करते किंवा अटींवर स्थगित ठेवते. देखरेखीखालील सुटका हा तिचाच एक प्रकार.

हिशेब कसा होतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सौंसर तालुक्यातील एकाला सात वर्षांची, म्हणजे ८४ महिन्यांची सक्तमजुरी झाली. निकालापूर्वी तो १४ महिने कोठडीत होता. ते वजा केल्यावर उरले ७० महिने. हिशेबासाठी केंद्राच्या आदर्श नियमावलीच्या धर्तीवर दर धरू: चांगल्या वर्तनासाठी दरमहा तीन दिवस, नेमून दिलेले काम पूर्ण केल्याबद्दल तीन दिवस आणि वर्षभर एकही तुरुंग-अपराध नसेल तर वर्षअखेरीस आणखी ३० दिवस. वर्षाला हे १०२ दिवस होतात. चार वर्षांत ४०८ दिवस, म्हणजे साडेतेरा महिन्यांच्या आसपास.

निकालानंतरची चार वर्षे पूर्ण होतात तेव्हा त्याच्या खात्यावर कोठडीचे १४, तुरुंगातले ४८ आणि माफीचे साडेतेरा, असे सुमारे साडेपंच्याहत्तर महिने जमा असतात. पुढच्या सुमारे सात महिन्यांत उरलेला हिशेब पूर्ण होतो. कोठडी धरून तो पावणेसहा वर्षांच्या आसपास आत राहतो. सव्वा वर्ष त्याने स्वतः कमावलेले असते.

ही कमाई कायम मात्र नसते. तुरुंगात भांडण केले, मोबाइल सापडला, रजेवरून उशिरा परतला, तर शिक्षा म्हणून माफीचे दिवस कापले जातात. दर राज्यागणिक बदलतात. दंड न भरल्यास भोगावी लागणारी कैद तर मूळ शिक्षेच्या पुढे वेगळी जोडली जाते. मध्य प्रदेशातूनच गेलेल्या शांतिलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले की, दंडाऐवजीची कैद ही मूळ शिक्षा नव्हे, ती दंड न भरल्याचा परिणाम आहे. माफीने वाचलेले महिने काही हजारांच्या दंडापायी पुन्हा गमावणारी कुटुंबे थोडी नाहीत. अशांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी साहाय्य योजना आणली. पात्र ठरलेल्या सिद्धदोष कैद्याचा २५ हजार रुपयांपर्यंतचा दंड त्या योजनेतून भरता येतो.

जन्मठेपेचे गणित वेगळे

मुदतीच्या शिक्षेला शेवटची तारीख असते. जन्मठेपेला ती नसते. 'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे' किंवा 'वीस वर्षे' हा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. तो चुकीचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ज्या निकालात सांगितले तो एका मराठी कैद्याचाच होता. गांधीहत्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी दावा केला की, प्रत्यक्ष भोगलेली वर्षे आणि मिळवलेली जवळजवळ आठ वर्षांची माफी यांची बेरीज वीस वर्षांहून अधिक होते, सबब सुटका व्हावी. न्यायालयाने दावा फेटाळला. जन्मठेप म्हणजे उरलेले नैसर्गिक आयुष्य. माफीचे दिवस कितीही जमले तरी सरकारने उरलेली शिक्षा माफ करण्याचा आदेश दिल्याखेरीज सुटका होत नाही. वीस वर्षांचा जो आकडा दंड संहितेत होता आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ६ मध्ये आहे, तो शिक्षेचे अपूर्णांक काढण्यापुरता.

मग चौदा वर्षे कोठून आली? १८ डिसेंबर १९७८ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ घालण्यात आले. आज ते नव्या संहितेचे कलम ४७५ आहे. ज्या गुन्ह्याला फाशी हीसुद्धा एक शिक्षा आहे अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, किंवा फाशीची जन्मठेप झाली असेल, तर किमान चौदा वर्षे कारावास भोगल्याशिवाय या संहितेखाली सुटका नाही. चौदा वर्षे ही विचार सुरू होण्याची मर्यादा आहे, सुटकेची तारीख नव्हे. या चौदा वर्षांत माफीचे दिवस धरता येत नाहीत. १९८० च्या मारू राम निकालात घटनापीठाने हे कलम वैध ठरवले. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांचे घटनेच्या अनुच्छेद ७२ आणि १६१ खालील अधिकार मात्र त्याने बाधित होत नाहीत, असेही सांगितले.

रजेवर घालवलेल्या दिवसांचे काय? याचे उत्तर गोव्यातूनच मिळाले. येथील जन्मठेपेच्या कैद्यांच्या याचिकांवर ५ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, २००६ च्या गोवा कारागृह नियमांखाली पॅरोलवर बाहेर काढलेले दिवस प्रत्यक्ष कारावासाच्या चौदा वर्षांत धरता येणार नाहीत. तसे केले तर वजनदार कैदी पुनःपुन्हा पॅरोल मिळवून चौदा वर्षांची अट पोकळ करतील, ही भीती न्यायालयाने बोलून दाखवली. महाराष्ट्राच्या नियमांतही असाच भेद आहे. संचित रजेचे दिवस माफी म्हणून जमा होतात, अभिवचन रजेचे होत नाहीत.

नागपूरहून आलेला कायदा

देखरेखीखालील सुटकेबाबत पांढुर्णा-सौंसरचे लोक एका जुन्या कायद्याचे वारस आहेत. 'मध्य प्रदेश बंदी परिवीक्षा पर मोचन अधिनियम, १९५४' हे त्याचे नाव. हिंदीतली 'परिवीक्षा' म्हणजे आपल्याकडची परिवीक्षाच, आणि 'मोचन' म्हणजे सुटका. तो मंजूर झाला तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि विदर्भ त्याच राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ वेगळा झाला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. म्हणजे मराठी-हिंदी अशा दुभाषी राज्याने केलेला हा कायदा सीमेपलीकडच्या मराठी माणसांच्या वाट्याला राहिला.

त्याचे दुसरे कलम साध्या शब्दांत असे सांगते: कैद्याचे पूर्वायुष्य आणि तुरुंगातील वर्तन पाहून, तो सुटल्यावर गुन्ह्यापासून दूर राहील आणि शांततेने जगेल असे सरकारला वाटले, तर त्याला परवान्यावर सोडता येते. त्यासाठी त्याची जबाबदारी घेणारा कोणीतरी हवा. तो सरकारी अधिकारी असेल, कैद्याच्याच धर्माची एखादी व्यक्ती असेल किंवा सरकारमान्य संस्था असेल. त्या व्यक्तीने वा संस्थेने स्वतःहून राजी व्हावे लागते. 'त्याच धर्माची व्यक्ती' ही अट आज जुनाट वाटते, परंतु तिच्यामागची कल्पना विचार करण्याजोगी आहे. सुटलेला माणूस एकटा सोडायचा नाही. त्याच्या समाजातल्या कोणीतरी त्याचा हात धरायचा.

या सुटकेला दुसरेही महत्त्व आहे. मारू राम निकालात न्यायालयाने उत्तर प्रदेशाच्या अशाच १९३८ च्या कायद्याविषयी सांगितले की, परवान्यावर बाहेर काढलेला काळ हा कायद्याने मान्य केलेला, पण सैल स्वरूपाचा कारावासच आहे. तो चौदा वर्षांत मोजला जाईल, आणि तशाच इतर राज्यांच्या कायद्यांनाही हेच लागू. घरी राहूनही पॅरोलचा दिवस मोजला जात नाही आणि परिवीक्षेचा मोजला जातो. फरक आहे तो कोणत्या कायद्याखाली माणूस बाहेर आला याचा.

अमेरिकेच्या संघीय कायद्याशी तुलना केली की आपल्या पद्धतीचे वेगळेपण लक्षात येते. तेथे १९८४ च्या कायद्याने पॅरोल बंद करून 'देखरेखीखालील सुटका' आणली. चांगल्या वर्तनाबद्दल कैद्याला वर्षाला ५४ दिवसांपर्यंत सूट मिळते. पण देखरेखीचा काळ हा तुरुंगवास संपल्यानंतर वर जोडलेला असतो आणि तो न्यायाधीश निकालातच ठरवतो. आपल्याकडे देखरेख येते ती शिक्षेच्या उरलेल्या भागात, आणि निर्णय सरकार घेते. म्हणूनच येथे सरकार कोणते, हा प्रश्न इतका मोलाचा ठरतो.

सरकार कोणते?

ज्या राज्याच्या न्यायालयाने शिक्षा दिली, त्या राज्याचे सरकार. गुन्हा कोठे घडला, कैदी कोठला किंवा आज कोणत्या तुरुंगात आहे, याने फरक पडत नाही. केंद्राच्या अखत्यारीतील कायद्यांचे गुन्हे तेवढे वेगळे. १९७६ च्या रतनसिंह खटल्यात हा नियम ठरला. मध्य प्रदेशात शिक्षा झालेला कैदी पंजाबच्या तुरुंगात होता आणि पंजाबच्या नियमांचा आधार घेत होता. सर्वोच्च न्यायालयाने निर्णय मध्य प्रदेशाकडे सोपवला. ८ जानेवारी २०२४ रोजी बिल्किस बानो प्रकरणात हाच नियम पुन्हा अधोरेखित झाला. गुन्हा गुजरातमधला, पण खटला मुंबईत चालला, त्यामुळे गुजरातने दिलेली माफी रद्द झाली आणि दोषींना तुरुंगात परतावे लागले.

तेव्हा पांढुर्ण्याचा जो माणूस नागपुरात दोषी ठरला, त्याची फाइल मुंबईला जाते. भोपाळला कितीही खेटे घातले तरी उपयोग नाही. पेडण्याच्या माणसाला ओरसच्या सत्र न्यायालयाने शिक्षा दिली असेल, तर पर्वरीच्या सचिवालयात अर्ज करून काही साधणार नाही. चुकीच्या दारात घालवलेली वर्षे कोणी परत देत नाही.

हक्क नाही, पण मर्जीही नाही

माफी हा हक्क नाही, असे न्यायालये सांगत आली आहेत. परंतु तिचा विचार योग्य रीतीने होणे हा हक्क आहे. २००० मधील लक्ष्मण नस्कर निकालाने कसोट्या दिल्या: गुन्ह्याचा परिणाम एका व्यक्तीपुरता होता की समाजावर झाला, तो पुन्हा घडण्याचा संभव आहे काय, कैद्याची गुन्हा करण्याची क्षमता उरली आहे काय, त्याला आणखी आत ठेवून काही साधणार आहे काय, आणि त्याच्या कुटुंबाची सामाजिक-आर्थिक स्थिती काय आहे. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाच्या न्यायाधीशाचे मत मागवले जाते. त्या मतात कारणे असलीच पाहिजेत, नुसता नकार पुरेसा नाही, असे २०२२ मध्ये छत्तीसगडच्या एका प्रकरणात न्यायालयाने बजावले.

मध्य प्रदेशाने २०२२ च्या धोरणात जन्मठेपेच्या पात्र कैद्यांच्या सुटकेसाठी वर्षातले चार दिवस ठरवले: २६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. काही अतिगंभीर गुन्ह्यांतील कैद्यांना त्यातून वगळले.

१८ फेब्रुवारी २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश कुटुंबांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. राज्याचे धोरण अस्तित्वात असेल तर पात्र कैद्याने अर्ज करण्याची वाट न पाहता सरकारने स्वतःहून विचार करायला हवा. अटी वाजवी आणि स्पष्ट हव्यात. अटभंगाचा आरोप होताच सुटका आपोआप रद्द होणार नाही. नोटीस देऊन बाजू ऐकावी लागेल. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात, सुटल्यावर दोन वर्षे 'सभ्यपणे वागावे' ही अट संदिग्ध म्हणून न्यायालयाने रद्द केली होती. सभ्यपणा कोणी आणि कशाने मोजायचा, हा प्रश्न गावातल्या सुटलेल्या माणसासाठी फार खरा असतो. जुना वैरी ठाण्यात एक तक्रार देऊन त्याला पुन्हा आत पाठवू शकत असेल, तर ती सुटका नावापुरतीच.

याला दुसरी बाजू आहे. ज्याच्या घरचा माणूस गेला त्याचे घरही त्याच गल्लीत असते. सुटकेची बातमी त्याला दाराबाहेरच्या फटाक्यांवरून कळू नये. माफीच्या विचारात गुन्ह्याचे गांभीर्य आणि पीडितांची सुरक्षितता यांना जागा नसेल, तर चांगल्या वर्तनाचे गुण हे कारागृहाच्या भिंतीआडचे एकतर्फी गणित ठरेल. देखरेखीची गरज येथेच लागते. ती कैद्याला आधार देते आणि गावाला आश्वासन.

कुटुंबाने काय करावे?

प्रथम निकालपत्राची प्रत जपून ठेवावी आणि शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे राज्य पाहावे. निकालापूर्वीच्या कोठडीचे दिवस वॉरंटवर बरोबर नोंदले आहेत का, हे तपासावे. भेटीच्या वेळी कैद्याला त्याच्या माफीच्या दिवसांची आणि दंडाची नोंद विचारण्यास सांगावे. वर्षातून एकदा ही नोंद पडताळून घ्यावी. शिक्षा झाली त्या दिवशीचे धोरण आणि आजचे धोरण वेगळे असेल, तर सर्वसाधारणपणे शिक्षेच्या दिवशीचे लागू होते, आणि नंतरचे अधिक उदार असेल तर त्याचा लाभ मागता येतो, हे २०१० च्या जगदीश निकालापासून मानले जाते. मध्य प्रदेशाने १८९४ च्या कायद्याच्या जागी २०२४ मध्ये सुधारात्मक सेवा व बंदीगृह कायदा केला आहे. त्यामुळे अर्ज करताना चालू नियमांची प्रत मागावी.

कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याने विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जिल्हा प्राधिकरणाचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असते. पांढुर्ण्याच्या माणसाला हिंदी कागद समजत नसेल तर तो वाचून समजावून देण्याचे कामही तेथे मागता येते.

शिक्षा न्यायालय एका दिवसात सुनावते. तिचे दिवस मात्र कारकुनाच्या वहीत एकेक करून मोजले जातात. त्या वहीत चुकलेला एक आकडा कोणाच्या तरी आयुष्यातले महिने असतो. म्हणून आईने मुलाच्या भेटीला जाताना डब्याबरोबर एक छोटी वहीही न्यावी, आणि आपला हिशेब आपणही ठेवावा.